आम्ही बसून पाहिलेला किनारा

युरोप आम्ही एकदा पाहिला होता. निदान पाहिला असे आमचे म्हणणे होते. बँकेतून निवृत्त झालो त्या वर्षी, बारा दिवसांत सात देश दाखवणाऱ्या एका सहलीबरोबर मी आणि सौ. जाऊन आलो. त्या बारा दिवसांतले आज स्पष्ट आठवते ते एवढेच : पहाटे पाचला दारावर पडणारी थाप, बसच्या खिडकीची काच आणि "चला, चला, पाचच मिनिटं!" हा व्यवस्थापकांचा अखंड घोष. रोम आम्ही एका दुपारी उरकले. घरी आल्यावर फोटो पाहताना कुठला चौक कुठल्या गावचा यावर आम्हा उभयतांत जे मतभेद झाले, ते अद्याप मिटलेले नाहीत.

म्हणून गेल्या वर्षी म्युनिकच्या लेकीने "इकडे या, आणि दहा दिवस दोघंच कुठंतरी फिरून या" असा आग्रह धरला, तेव्हा सौ.ने अट घातली. तिचा उजवा गुडघा हल्ली तिच्या ताब्यात नसतो.

"मी येईन, पण धावणार नाही," ती म्हणाली. "तीस वर्षं डोंबिवलीहून सात बेचाळीसची लोकल धावत पकडली. आता पाहायचं ते बसून पाहू."

लेकीने नकाशावर बोट ठेवले ते इटलीच्या वायव्येला, जिथे जमीन समुद्राला कवेत घेतल्यासारखी वळली आहे. हा लिगुरिया प्रांत. पाठीशी डोंगर, पुढ्यात भूमध्य समुद्र आणि मध्ये चिंचोळी पट्टी. उत्तरेचा गार वारा डोंगर अडवतात, म्हणून येथला हिवाळाही सौम्य. ताडमाड आणि लिंबाची झाडे येथे सुखाने नांदतात. प्रांताच्या मधोमध जिनोआ शहर. त्याच्या पश्चिमेचा तो मावळतीचा किनारा आणि पूर्वेचा तो उगवतीचा, अशी लोकांनी सरळ वाटणी केली आहे. आम्ही उगवतीचा घेतला. दहा दिवस, तीन मुक्काम. गणपतींचे विसर्जन झाले आणि आम्ही निघालो.

निघण्याच्या आदल्या रात्री दादाचा फोन आला. गुहागरच्या अलीकडे आमचे वडिलोपार्जित घर आहे. घर म्हणजे आता कुलूपच. सोबत डोंगरउताराची लहानशी वाडी. गिऱ्हाईक आले होते. "संमतीपत्र पाठवलंय. तुझी तेवढी सही राहिली. जाण्याआधी करून टाक," दादा म्हणाला. घाईत सही राहिली आणि तो कागद माझ्या बॅगेत, औषधांच्या पिशवीखाली, इटलीला आला.

लिफ्टचे शहर

मिलानला गाडी बदलली की दोनेक तासांत जिनोआ येते. डोंगरावर चढत गेलेले हे शहर आहे. खाली बंदर, त्याच्या मागे दोन माणसे जेमतेम चालतील असे बोळ आणि त्यांच्या वर मजल्यावर मजले रचल्यासारख्या वस्त्या. सौ.ने ते चढ पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. पण येथल्या नगरपालिकेला गुडघ्यांची काळजी आहे. सार्वजनिक लिफ्ट आहेत, दोरावर चढणाऱ्या गाड्या आहेत. कास्तेलेत्तो नावाच्या गच्चीवर लिफ्टने गेलो आणि बाकावर बसून पाटीच्या दगडांची राखी छपरे, बंदरातल्या क्रेन आणि १५४३ सालापासून आजच्या रूपात उभा असलेला उंच दीपस्तंभ पाहत राहिलो. कोणी "पाच मिनिटं" म्हणेना. पहिल्या दिवशी तर मलाच चुकल्याचुकल्यासारखे झाले.

माझ्यासारख्या बँकवाल्याने येथे दर्शन घ्यावे असे एक स्थळ बंदराजवळ आहे : सान जॉर्जोचा वाडा. १२६० साली बांधलेल्या या वाड्यात, १४०७ साली स्थापन झालेल्या सान जॉर्जो पेढीचा कारभार पुढे शतकानुशतके चालला. समुद्राकडची सगळी भिंत चित्रांनी रंगवलेली आहे. आमच्या शाखेच्या भिंतीला एकदा चुना लावायचा तर हेड ऑफिसशी दोन वर्षे पत्रव्यवहार झाला होता, त्याची आठवण झाली.

खाण्याची आम्हाला धास्ती होती, कारण सौ. शाकाहारी. पण जिनोआने आम्हाला पाहुण्यासारखे वागवले. एका बोळातल्या दुकानात लाकडाच्या भट्टीतून भलीमोठी तांब्याची परात बाहेर आली. चण्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल, एवढाच मसाला. वरून खरपूस, आतून मऊ. नाव 'फारिनाता'. सौ.ने पहिला घास घेतला आणि डोळे मोठे केले. "अहो, हे तर आपलं बेसनाचं धिरडं!" दुसऱ्या दिवशी 'पेस्तो' खाल्ले. तुळशीच्या मावसबहिणीची कोवळी पाने, लसूण, चिलगोज्यांसारखे दाणे, चीज आणि तेल. संगमरवरी खलात लाकडी बत्त्याने वाटून केलेली ही हिरवी चटणी शेवयांच्या थोरल्या भावंडांना चोळून देतात. मिक्सरची चव वेगळी लागते, असे खानावळीच्या बाईंनी खुणांनी सांगितले. हा वाद आमच्याही घरी आहे.

तिसऱ्या दिवशी स्टालिएनोच्या दफनभूमीत गेलो. सहलीला येऊन स्मशान का पाहायचे, असे वाटेल. पण १८५१ साली खुली झालेली ही जागा म्हणजे संगमरवरी पुतळ्यांचे एक शहरच आहे. मला जायचे होते ते मॅझिनीसाठी. मॅझिनीचा जन्म १८०५ साली जिनोआतच झाला. इटलीच्या ऐक्यासाठी आयुष्य वेचलेला हा माणूस १८७२ साली पिसा येथे परक्या नावाने राहत असता वारला. सावरकरांनी त्याच्यावर लिहिलेले मराठी पुस्तक १९०७ साली पुण्यात छापून निघाले आणि पुढे इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. माझ्या आजोबांच्या तोंडी हे नाव घरातल्या माणसासारखे असे. समाधी टेकडीवर, झाडीत आहे. सौ. खालच्या ओवरीत बसली आणि मी एकटाच वर गेलो. बुटक्या, जाडजूड खांबांची, डोंगरात खोदल्यासारखी ती जागा. वर फक्त नाव. पाने पडलेली होती, ती थोडी बाजूला केली आणि उतरलो.

खाली येतो तो सौ. एका पुतळ्यासमोर रंगून उभी. राजा नाही, सेनापती नाही. कशिद्याची शाल पांघरलेली एक म्हातारी बाई, हातात सुक्या फळांच्या माळा आणि कडबोळ्यासारखे पाव. ही कातेरीना काम्पोदोनिको. जत्रांतून हाच माल विकून तिने जन्मभर पैसे साठवले. ती आजारी पडताच नातलग मिळकतीवरून भांडू लागले, असे सांगतात. तेव्हा बरी झाल्यावर तिने सगळी पुंजी खर्चून, हयातीतच, १८८१ साली, नामांकित शिल्पकाराकडून स्वतःचा पुतळा करून घेतला!

"बरं केलं बाईनं," सौ. म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तुमच्या बॅगेत तो कागद आहे ना, दादांचा?"

"आहे."

"नाही, सहज विचारलं."

बायकांचे गाव

जिनोआपासून पूर्वेला समुद्राच्या कडेकडेने आगगाडी जाते. ला स्पेत्सियापर्यंतचा हा मार्ग १८७४ साली पुरा झाला. डोंगर थेट पाण्यात उतरलेले, म्हणून वाट बोगद्यांची. अंधार, मग क्षणभर लख्ख निळे पाणी, एखादी होडी, वाळत घातलेले कपडे, की पुन्हा अंधार. जलद गाडीत हे चित्र नीट दिसायच्या आत पुसले जाते. आम्ही प्रत्येक स्टेशनाला नमस्कार करीत जाणारी गाडी धरली. तिचे तिकीटही स्वस्त. एक सूचना मात्र लिहून ठेवा : कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो, नाहीतर दंड. आम्हाला हे ज्ञान तिकीट तपासनीस समोर उभा राहिल्यावर झाले. सौ.ने त्याच्याकडे अशा अपराधी चेहऱ्याने पाहिले की त्याने पेनाने तारीख घातली आणि बोट उगारून पुढे गेला.

कामोल्यी हा दुसरा मुक्काम. लहानसे बंदर आणि त्याला लागून सहा-सहा, सात-सात मजल्यांची गेरूच्या, गुलाबी, पिवळ्या रंगांची घरे. नीट पाहिले तर अर्ध्या खिडक्या खोट्या! चौकट, झडपा, वरची नक्षी, सगळे रंगाने काढलेले. एका खिडकीत मांजर बसले होते. तेही रंगवलेले असेल म्हणून मी जवळ गेलो तर ते उठून गेले. गावाच्या नावाचा अर्थ 'बायकांचे घर' असा लोक लावतात. पुरुष शिडाच्या जहाजांवर, महिनोन्‌महिने समुद्रात. गाव सांभाळायचे ते बायकांनी. एके काळी 'हजार पांढऱ्या शिडांचे गाव' ही याची ख्याती होती. पुढे वाफेची जहाजे आली आणि ते वैभव ओसरले.

येथे दुपारी दुकाने बंद होतात. पुण्याच्या वाचकांना हे नवे नाही. फरक इतकाच, की येथे बंद दुकानाच्या दारात पाटी वाचून कोणी रागावत नाही. सारे गावच जेवून पडलेले असते. संध्याकाळी मात्र म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या बाया, तरणी पोरे, सगळी चांगले कपडे करून समुद्राकाठी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतात. काम काही नाही. ओळखीचे भेटले की थांबायचे, बोलायचे, पुन्हा चालू लागायचे. तिसऱ्या संध्याकाळी आमच्या बाकाजवळच्या एका आजींनी आम्हालाही मान लवून 'बोनासेरा' म्हटले, तेव्हा सौ. गावात नाव लागल्यासारखी खूश झाली.

येथून एक दिवस होडीने सान फ्रुत्तुओसोला गेलो. डोंगराच्या बेचक्यात, अगदी पाण्याच्या काठाशी एक जुना मठ. रस्ता नाही, होडीने या, नाहीतर डोंगर उतरून. जिनोआच्या दोरिया घराण्याच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या समाध्या आत आहेत. १९५४ साली या खाडीच्या तळाशी, सुमारे सतरा मीटर खोल, हात वर पसरलेला ख्रिस्ताचा पुतळा उभा केला आहे. आम्ही वरून पाण्यातच पाहिले. दिसला नाही, पण पाणी फार सुंदर होते.

चुकलेले स्टेशन

शेवटचा मुक्काम 'चिंक्वे तेर्रे', म्हणजे पाच गावे : मोन्तेरोस्सो, व्हेर्नात्सा, कोर्नील्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे. १९९७ पासून हा जागतिक वारसा आहे आणि १९९९ पासून राष्ट्रीय उद्यान. त्यामुळे गर्दी म्हणाल तर दादर स्टेशन. आम्ही मोन्तेरोस्सोला उतरलो, कारण पाचांत सपाट रस्ता आणि वाळूचा किनारा येथेच. १९७५ सालचे नोबेल मिळवणारा कवी एउजेनिओ मोन्ताले लहानपणचे उन्हाळे याच गावी घालवीत असे.

दुसऱ्या सकाळी व्हेर्नात्साला जायला निघालो. एकच स्टेशन, काही मिनिटांचा प्रवास. आम्ही बसलो शेवटच्या डब्यात. गाडी अंधारात थांबली. "सिग्नल नसेल," मी अनुभवाने म्हणालो. गाडी सुटली, बोगदा संपला आणि समोर पाटी : कोर्नील्या! या गावांना जागाच इतकी थोडी की फलाटाचा काही भाग बोगद्यात असतो. आम्ही व्हेर्नात्साच्या स्टेशनातच होतो.

पाचांपैकी हे एकच गाव पाण्याला लागून नाही. शंभरेक मीटर उंच कड्यावर बसले आहे. स्टेशनापासून सुमारे पावणेचारशे पायऱ्या. सौ. काही बोलली नाही, हे अधिक भयंकर होते. सुदैवाने वर जाणारी छोटी बस मिळाली. वर एका दुकानाबाहेर बाकावर बसून आम्ही लिंबाचे सरबत घेतले आणि ज्यासाठी आलो नव्हतो ते पाहिले.

समोरचा सारा डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी समुद्रापर्यंत उतरलेला. प्रत्येक पायरीला दगडाची ताल. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. त्या वीतभर मातीत द्राक्षाचे वेल. सुगी चालू होती. द्राक्षांच्या पेट्या एका रुळावरून चालणाऱ्या, चिमुकल्या दातेरी गाडीतून वर येत होत्या. द्राक्षे सुकवून 'शाक्केत्रा' नावाची गोड दारू करतात. हजारेक वर्षे माणसांनी हे डोंगर असे हाताने रचले आहेत. पण अधूनमधून पायऱ्या पुसल्या होत्या. तेथे झुडपे माजली होती आणि ताली पोटातून फुगून खाली सांडल्या होत्या.

बाकाजवळच एक म्हातारे गृहस्थ पडलेली ताल रचीत होते. ऐंशीच्या पुढचे असावेत. मोठा दगड खाली, भिंत किंचित डोंगराकडे झुकलेली, मागे बारीक खडी. दगड हातात घेऊन फिरवायचा, त्याची बाजू ओळखायची, हातोडीने एखादा टवका काढायचा आणि बसवायचा. दुकानातल्या मुलीला इंग्रजी येत होते. तिच्या मार्फत मी विचारले, "सिमेंट का नाही वापरत?"

ते हसले. "पाणी जायला नको? अडवलं तर ते भिंतच घेऊन जाईल."

त्यांचे दोघे मुलगे शहरात. द्राक्षांत पैसा नाही, पर्यटकांत आहे, आणि पर्यटकाला वाटते हा डोंगर देवानेच असा केला आहे. एक ताल पडली आणि तशीच ठेवली, की पुढच्या पावसात तिच्या खालची जाते. मुलीने सांगितले, २५ ऑक्टोबर २०११ ला काही तासांत असा पाऊस कोसळला की व्हेर्नात्सा आणि मोन्तेरोस्सोत डोंगराची माती रस्त्यांवरून वाहत आली. व्हेर्नात्साची मुख्य गल्ली पहिल्या मजल्यापर्यंत गाडली गेली, माणसे दगावली. पाऊस अघोरीच होता. पण ज्या पायऱ्या लोकांनी सोडून दिल्या होत्या, त्यांची मातीही त्यात आली. पुढे गावकऱ्यांनी उपसून उपसून गाव पुन्हा उभे केले. २०१८ साली अशा कोरड्या भिंती रचण्याची कला युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतली. रिओमाज्जोरे आणि मानारोला यांच्यामधली कड्यावरची प्रसिद्ध 'प्रेमाची वाट' २०१२ साली दरड पडून बंद झाली, ती पुरी खुली व्हायला २०२४ साल उजाडले.

म्हातारबांनी हात झटकले आणि मुलीला काही विचारले.

"ते विचारतात, तुमच्याकडे अशा भिंती आहेत का?"

"होत्या," मी म्हणालो.

"आहेत," सौ. त्याच क्षणी म्हणाली.

मुलगी आळीपाळीने आमच्याकडे पाहू लागली. कोकणातला गडगा हिला इंग्रजीत कसा सांगावा ते मला सुचेना. सौ.नेच पायाजवळचे चार खडे उचलले, बाकावर एकावर एक रचले आणि म्हातारबांना दाखवले. त्यांनी वाकून पाहिले, वरचा खडा काढला, फिरवला आणि पुन्हा ठेवला. आता तो हलत नव्हता.

व्हेर्नात्सा आम्ही परतताना पाहिले. या खेपेस पुढच्या डब्यात बसलो. त्या चिमुकल्या बंदराच्या धक्क्यावर सूर्य बुडेपर्यंत बसून होतो. आमच्या शेजारी किती तरी लोक आले, फोटो काढून गेले. मला वडिलांचे हात दिसत होते. मे महिन्यात पावसाआधी ते आम्हा भावांना घेऊन गडग्याचे पडलेले दगड उचलायला लावीत. आम्हाला तो जाच वाटे. दादा नेहमी पहिला पळून जाई आणि मी दुसरा.

पंधरा हात

परत आल्यावर दादाचा फोन आलाच. "सही केलीस?"

"दादा, दिवाळीपर्यंत थांब. एकदा गावाला जाऊन येतो."

"तिथं काय पाहायचंय? सगळं पडलंय."

"तेच पाहायचंय."

गेली दिवाळी आम्ही गावच्या घरी केली. कुलूप गंजले होते, ते तोडावे लागले. वाडीचा खालच्या अंगाचा गडगा बराचसा बसला होता आणि माती पऱ्ह्यात उतरली होती. गावातला एक जाणता गडी बोलावला. मी म्हटले, थोडे सिमेंट आणू का? तो म्हणाला, "शिमिट कशाला वो? पाणी आडला की गडगा आडवा." सौ. माझ्याकडे पाहून हसली. आठ दिवसांत त्याच्या हाताखाली दगड देत देत आम्ही पंधरा हात गडगा उभा केला. माझे एक नख गेले. सौ. खुर्ची टाकून बसली होती आणि कुठला दगड कुठे बसेल ते सांगत होती. गुडघा सोडल्यास तिचे सगळे शाबूत आहे.

भाऊबीजेनंतर दादा येऊन पाहून गेला. गडग्यावर बसून चहा प्यायला. कागदाचे काही बोलला नाही, मीही बोललो नाही. घर विकायचे की ठेवायचे हे अजून ठरलेले नाही. पैशाची गरज त्यालाही आहे आणि आमची वये काही कमी होत नाहीत. संमतीपत्र अजून त्या बॅगेतच, औषधांच्या पिशवीखाली आहे.

यंदाच्या पावसात पंधरापैकी दोन हात पुन्हा ढासळला. गड्याचे म्हणणे, ते दोन हात मी रचले होते. दसऱ्याला जाऊन ते नीट करून आलो. या दिवाळीला दादा चार दिवस राहायला येतो म्हणाला आहे. त्याच्यासाठी हातोडी आणून ठेवली आहे.